दीड हाताची चूक

कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक मागच्या आठवड्यात पोस्टानं घरी आला आणि माझं डोकं फिरलं. बेचाळिसाव्या पानावर आमच्या मुलींच्या खो-खो संघाचा पंच्याऐंशी सालचा फोटो छापलाय. बसलेल्या सहाजणी, उभ्या सहाजणी, मधोमध महालिंगप्पा सर, सगळ्यांची नावं आडनावासकट. आणि उजव्या कडेला खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून जी उंच, सावळी, सरळ बघणारी बाई उभी आहे, तिच्यासाठी खाली छापलंय, ‘व एक सेविका’.

मी तिथल्या तिथं संपादकाला फोन लावला. नवा प्राध्यापक, बोलायला मऊ. म्हणाला, “मॅडम, त्यांचं नाव उपलब्ध नव्हतं.” मी म्हटलं, “अहो, त्याच नावासाठी त्याच फोटोनंतर महिनाभरात तुमच्या कॉलेजात केवढं रामायण झालं होतं!” तो घाबरला बिचारा. म्हणाला, “एका ओळीत पाठवा, पुढच्या अंकात दुरुस्ती छापू.”

एका ओळीत काय पाठवू? मी पस्तीस वर्षं पोरींना पळायला शिकवलंय, मला थोडक्यात बोलता येत नाही.

त्यांचं नाव धुरपदाबाई गोरोबा धावारे. आम्ही मावशी म्हणायचो. येरमाळ्याजवळच्या एका खेड्यातल्या. बहात्तरच्या दुष्काळात नवरा-बायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होते. गोरोबा त्याच कामावर तापानं गेले. एक मुलगी होती, ती पुढं लातूरकडं दिली. चौऱ्याहत्तरला आमच्या कॉलेजची इमारत बांधायला घेतली तेव्हा मावशी दगड वाहायला आल्या. इमारत पुरी झाली, बाकीचे मजूर गेले, मावशी राहिल्या. आधी प्यायचं पाणी शेंदायच्या, मग झाडांना घालायच्या, मग खो-खोच्या मैदानावर शिंपडायच्या, आणि असं करता करता मैदानच त्यांच्याकडं आलं. रोज सकाळी खडे वेचायचे, ढेकळं फोडायची, पाणी मारून माती दाबायची आणि चुन्याच्या फक्कीनं रेघा मारायच्या. त्यांची रेघ बघून गवंडी लाजला असता.

कॉलेजच्या विहिरीला केकताडाचा जाडजूड दोर होता. तो मावशींच्या खास मालकीचा. दुसऱ्या कुणी हात लावला की त्या लांबून ओरडायच्या, “ठिवा त्यो! तुमच्यानं घागर फुटंल.” मला वाटायचं, काय ही बाई, एवढ्याशा दोराचं काय कौतुक. मग एकदा दोराचा उलगडलेला पीळ बसवताना, बोटं न थांबवता, त्यांनी मला सांगितलं. लहानपणी त्यांच्या गावात त्यांच्या माणसांनी विहिरीच्या दोराला शिवायचं नाही असा दंडक होता. घागर कडेला ठेवायची आणि कुणीतरी वरून ओतील म्हणून बसून राहायचं. कधी सकाळची दुपार व्हायची. छप्पनला दीक्षा घेतली, त्यानंतर त्यांच्या वडलांनी आणि चुलत्यांनी मिळून आपला वेगळा आड खणला. “तवापासनं दोर हातात आला की सोडू वाटत न्हाय बग,” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मी त्या दोराची चेष्टा केली नाही.

मावशींना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्यांना कॉलेजात कायम व्हायचं होतं. अकरा वर्षं त्या रोजंदारीवर होत्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, “कायम झालं की मानसाला आजारी पडता येतंय. म्या एकदाबी निवांत आजारी पडले न्हाय.”

ऑफिसात आबाराव नावाचे हेडक्लार्क होते. हजेरीपत्रकात शिपायांची नावं लिहून झाली की शेवटच्या ओळीत ते लिहायचे, ‘एक स्त्री मजूर’. त्यापुढं मावशींचा अंगठा. मावशींना वाचता येत नव्हतं. एकदा त्यांनी मला बोलावलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “सुमे, माजं नाव कसं दिसतंय त्ये दाव.”

मी वाचलं. म्हटलं, “मावशी, इथं नाव नाही. एक स्त्री मजूर लिहिलंय.”

“मंग अकरा वर्सं म्या कुनाचा अंगठा लावायलेय?”

आबाराव मान वर न करता म्हणाले, “अहो, नाव काय अन् मजूर काय, मजुरीशी मतलब.” मनानं वाईट नव्हते आबाराव. पण काही माणसांना कागदावरची ओळ बदलायची म्हटलं की जिवावर येतं, त्यातले.

आता पंच्याऐंशीचं साल. पावसानं त्या वर्षी जिल्ह्याकडं बघितलंच नाही. बायका टँकरमागं पळत होत्या आणि आम्हाला डोहाळे लागले होते औरंगाबादला विद्यापीठाच्या सामन्यांना जायचे. श्रावणात प्राचार्यांनी महालिंगप्पा सरांना आणि आमची कॅप्टन पुतळा हिला बोलावून तीन गोष्टी सांगितल्या. खेळाचा पैसा टँकरला गेला, तुमचं तुम्ही जमवा. जुन्या मैदानाच्या जागी पाण्याचा हौद बांधायचाय, मैदान मागच्या पडीक रानात न्या. आणि पुढच्या वर्षापासून मैदानाला गडी ठेवू, ते काही बाईमाणसाचं काम नाही.

तिसरी गोष्ट ऐकून पुतळाचे डोळे भरले. मावशी दाराबाहेर उभ्या होत्या, त्यांनीही ऐकली. गडी आला की मावशींचं मैदान जाणार होतं, आणि विहिरीचं पाणी आटत चाललं होतं. मैदानही नाही, पाणीही नाही, मग ‘एक स्त्री मजूर’ हवी कुणाला?

“ह्या साली पोरी औरंगाबादला जिकल्या तर?” मावशींनी सरांना विचारलं.

महालिंगप्पा सर उमरग्याकडचे, घरी कानडी बोलणारे. खोटं सांगणं त्यांना जमायचं नाही. ते म्हणाले, “मग मी म्हणेन, हे मैदान धुरपदाबाईंनी केलं. मग कुणाला बोलता येणार नाही.”

“मंग जिकू,” मावशी म्हणाल्या.

नवं मैदान आखायला मापाची फीत पाहिजे. कॉलेजची होती ती उंदरांनी खाल्ली होती. सरांनी बांधकाम खात्याच्या ओव्हरसिअरकडून लोखंडी फीत एका दिवसासाठी मागून आणली. पण खांबच नव्हते. जुने वाळवीनं पोखरलेले, नवे सुताराकडून यायला महिना लागणार. फीत तर संध्याकाळी परत द्यायची. तेव्हा मावशींनी तोडगा काढला. विहिरीवरून दोर सोडून आणला, थेट पाण्यातनं काढलेला, ठिबकत होता. म्हणाल्या, “सर, ह्येच्यावर मापं घ्या अन् गाठी मारा. फीत गेली तर गेली.” सरांनी फीत धरली, दोन खांबांमधलं अंतर मोजलं, मधल्या प्रत्येक पाटीचं, म्हणजे बसायच्या जागेचं, मोजलं आणि त्या ओल्या दोराला आपल्या हातानं गाठी मारल्या.

महिन्यानं खांब आले. तोवर विहिरीनं तळ दाखवला होता. दोर खुंटीला टांगून टांगून खडखडीत झाला होता. मावशींनी तो रानात ताणला, गाठीपाशी खड्डे घेतले, खांब पुरले, फक्कीच्या रेघा मारल्या. एवढं देखणं मैदान मी पुन्हा बघितलं नाही.

पाणी मारायची सोय नव्हती. माती कडक, गुडघे सोलून निघायचे. मावशींनी ढोकीच्या कारखान्यावरून उसाच्या चिपाडाचा भुगा पोत्यात भरून डोक्यावर आणला आणि मातीत मिसळला. सगळे म्हणाले हे काय खूळ, पण पडायला मऊ झालं. आम्ही त्या मैदानावर दोन महिने असा सराव केला की पावलांना माप पाठ झालं. शेवटच्या पाटीपासून खांबापर्यंत तीन ढांगा आणि झेप. डोळे मिटायला सांगा, तशीच झेप घेऊन दाखवते, असं पुतळा म्हणायची. ते खोटं नव्हतं.

उरला पैसा. दुष्काळात वर्गणी मागायला कोणत्या तोंडानं जायचं? सरांनीच सुचवलं, मागायचं नाही, खेळून दाखवायचं. बारा पोरींचे दोन भाग करायचे आणि गावोगाव सामना लावायचा, ज्याला द्यावं वाटेल तो देईल. घरचे लोक पोरींना बाहेरगावी सोडायला तयार नव्हते, पण मावशी प्रत्येकीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या आजोबांनी विचारलं, “पोरीला काय झालं तर?” मावशी म्हणाल्या, “आण्णा, म्या संगं हाय. काय झालं तर आधी मला हुईल.” आजोबांनी मान हलवली. मावशी बरोबर आहेत ना, एवढ्यावर बाराच्या बारा घरांतून होकार आला.

दर रविवारी आम्ही निघायचो. मावशींच्या खांद्यावर दोर, डोक्यावर फक्कीची पाटी. ढोकीला कारखान्याच्या फाटकासमोर, पाळी सुटायच्या वेळी पहिला सामना लागला. त्या वर्षी ऊस कमी, गाड्यांची रांग तोकडी, तरी बघायला ही गर्दी. ऊसतोडीच्या बायका कोयता कमरेला खोचून पुढं बसल्या. त्यातली एक थोराड बाई म्हणाली, “चड्डी घालून कुनीबी पळंल. लुगडं नेसून पळून दावा की!”

आम्ही एकमेकींकडं बघायला लागलो. मावशींनी दोर खाली ठेवला, कासोटा घट्ट मारला आणि मैदानात उतरल्या. पंचेचाळिशीची बाई! पुतळा, मी आणि बाकीच्या पाठलागाला. आम्ही आधी हसत हसत पळत होतो, मग लक्षात आलं की ही सापडत नाही. इतकी वर्षं रोज बाजूला उभं राहून बघितलेलं सगळं त्यांच्या पायात उतरलं होतं. शेवटी त्यांना धाप लागली म्हणून त्या आपल्या आपणच खाली बसल्या. ती थोराड बाई उठली, तिनं मावशींच्या चेहऱ्यावरनं हात फिरवून बोटं मोडली आणि टोळीतल्या बायकांकडनं पदरात सुटे पैसे गोळा करून आणले. कारखान्यानं साखरेचं एक पोतं दिलं.

येरमाळ्याला हमरस्त्याच्या कडेला खेळलो तर एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि खिडक्यांमधनं सगळे बघत बसले. कंडक्टर ओरडून थकला. एका म्हातारीनं दोन कांदे दिले, तिच्याकडं तेवढंच होतं. आमच्या गावच्या दूध सोसायटीनं महिनाभर रोज सकाळी एक चरवी दूध पाठवलं. माझ्या पोटात दुधाचा एवढा घोट त्यापूर्वी कधी गेला नव्हता. मी आजही म्हणते, त्या दुष्काळात ज्यांनी आम्हाला दिलं त्यांच्याकडं द्यायला काही नव्हतं. मला त्या माणसांची आठवण आली की रडू येतं, आता वय झालं म्हणून नाही, तेव्हाही यायचं.

डिसेंबरात आम्ही औरंगाबादला पोचलो. बारा पोरी, सर आणि मावशी. वळकट्या मावशींनी त्याच दोरानं बांधल्या होत्या.

पहिला सामना आम्ही हरलो. नुसत्या हरलो नाही, फजिती झाली. पुतळानं तीन ढांगा टाकून झेप घेतली ती सरळ खांबावर आदळली. खांदा सुजून हा एवढा झाला. माझी पावलं रेघ ओलांडून पडत होती, पंच शिट्टीवर शिट्टी मारत होते. पाट्यांवर बसलेल्या आम्ही एकमेकींच्या अंगावर जात होतो. आमच्या पायांना कुणी करणी केल्यासारखं झालं होतं. सर रागावले की कानडीत आकडे मोजायचे. त्या दिवशी त्यांनी शंभरापर्यंत मोजलं आणि मग ओरडले, “डोळे कुठं ठेवून आलात?” दुसऱ्या दिवशीचा सामना हरलो तर गाशा गुंडाळायचा.

ऊन उतरल्यावर मैदान मोकळं झालं तेव्हा मावशी मला म्हणाल्या, “सुमे, चल जरा.” वळकटीचा दोर सोडून त्यांनी बरोबर घेतला होता. एका खांबाला त्यांनी टोक धरलं, मला दुसऱ्या खांबाकडं पाठवलं. दोर ताणला. शेवटची गाठ खांबाच्या पलीकडं गेली. त्यांनी पुन्हा ताणला. तीनदा ताणला. मग जवळ येऊन कोपरापासून बोटापर्यंत हात लावून मोजलं.

“दीड हात,” त्या म्हणाल्या आणि खांबाशी बसल्या.

मला काहीच कळलं नाही. त्या दोराकडं बघत हळूहळू बोलल्या. “गाठी मारल्या तवा दोर वला व्हता. वला दोर आखडतोय, वाळला की लांबतोय. जलमभर दोर वडला म्या, मला म्हाईत पायजे व्हतं. आपलं मैदान दीड हातानं लांब हाय, पोरी. तुमी दोन म्हयने खोट्या मापावर पळालाव.”

माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती प्राचार्यांची. बाईमाणसाचं काम नाही. मी म्हटलं, “मावशी, हे कुणाला सांगू नका. मी पण सांगत नाही. उद्या हरलो तर हरलो. पण हे कळलं तर तुम्हाला ठेवणार नाहीत.” मी हे मनापासून म्हटलं होतं. त्यांच्या प्रेमापोटीच म्हटलं होतं, पण आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, “अन् पुतळीच्या खांद्याला काय सांगू?”

रात्री वसतिगृहात सगळ्यांची जेवणं चालली होती. मावशी ओळीसमोर उभ्या राहिल्या आणि एका दमात सांगून मोकळ्या झाल्या. “पोरींनो, तुमची चूक न्हाय. मैदान म्या चुकीचं आखलं. दीड हात.” कुणाचा घास तोंडात तसाच राहिला. पुतळा सुजलेला खांदा धरून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर मी राग शोधत होते, पण तिला हायसं वाटलेलं दिसत होतं. दुपारपासून ती स्वतःलाच दोष देत होती.

सर उठले. “गाठी मी मारल्या होत्या,” ते म्हणाले.

“मारल्या तुमी, पन दोर माजा.”

“खेळाचा शिक्षक मी आहे, धुरपदाबाई.”

“अन् मैदान कुनाचं हाय?”

भांडण चूक कुणाची यावर होतं आणि दोघंही ती दुसऱ्याला द्यायला तयार नव्हते. आम्हाला हसू यायला लागलं. दुपारनंतर पहिल्यांदाच.

पहाटे मावशींनी दोर बादलीत भिजत घातला. उजाडल्यावर वसतिगृहाच्या अंगणात तो ओलाच ताणला आणि आखून दिलं. आता माप बरोबर होतं. आम्ही पळालो नाही, नुसत्या चाललो. शेवटच्या पाटीपासून अडीच ढांगा. पुन्हा चाललो. मावशी प्रत्येकीच्या मागं मागं चालत होत्या आणि पाऊल मोठं पडलं की पोटरीवर टिचकी मारत होत्या. शंभरेक वेळा चाललो असू.

तो सामना आम्ही एका गड्यानं जिंकलो. पुतळाचा खांदा बांधलेला होता, म्हणून शेवटची झेप माझ्यावर आली. मी अडीच ढांगा मोजल्या आणि खांब हाताला लागला. तिसऱ्या दिवशी मात्र यजमान कॉलेजनं आम्हाला सरळ सरळ हरवलं. तिथं मापाची काही भानगड नव्हती, त्या पोरी आमच्यापेक्षा चांगल्या होत्या. आम्ही तिसऱ्या नंबरानं परत आलो. तो फोटो त्याच संध्याकाळचा आहे.

परत आल्यावर सरांना स्पर्धेचा अहवाल द्यायचा होता. एक प्रत विद्यापीठाला, एक कॉलेजच्या दप्तरात. त्यांनी लिहिलं, ‘पहिल्या सामन्यातील पराभवाचे कारण सरावाच्या मैदानाच्या मापातील चूक. जबाबदारी क्रीडा शिक्षकाची.’ खाली सही. मावशींना नोकरीची झळ लागू नये म्हणून एवढा सच्चा माणूस कागदावर अर्धं खोटं बोलला.

मी मोठ्या आनंदानं मावशींना ते वाचून दाखवलं. मला वाटलं त्या सुटकेचा निःश्वास टाकतील. त्या तडक सरांच्या खोलीत गेल्या. मी मागं.

“सर, माजी चूक तुमी कामून घेतली?”

सर म्हणाले, “तुमच्या भल्यासाठी, धुरपदाबाई. तुमचं नाव यात नसलेलं बरं.”

“माजं नाव कशातच न्हाय की!” मावशींचा आवाज चढला. त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. “हजेरीत न्हाय, पगारात न्हाय. आता चुकीतबी न्हाय? चूक तुमच्या नावावर लिव्हली तर मैदानबी तुमचंच झालं. मंग अकरा वर्सं म्या काय केलं हितं? लिव्हा, चूक धुरपदाबाईची हाय. पन निस्ती चूक लिव्हू नका. आदी धा वर्सं बराबर केलं, त्येबी लिव्हा.”

सरांनी तो कागद फाडला, यंत्रावर कार्बन घालून नवा चढवला आणि एकेक अक्षर शोधत टंकलं. मी शेजारी उभी होते, मला ते आजही पाठ आहे. ‘श्रीमती धुरपदाबाई गोरोबा धावारे या १९७४ पासून कॉलेजात कामाला असून मैदानाची आखणी व निगा त्याच करतात. आजवर त्यांच्या मापात चूक झालेली नाही. या वर्षी दोर ओला असताना गाठी मारल्याने दीड हाताची चूक झाली. ती त्यांनी स्वतः शोधली, सांगितली व दुरुस्त केली.’ मावशींनी ते माझ्याकडनं तीनदा वाचून घेतलं आणि नावाच्या जागी बोट ठेवायला लावलं.

“लांबडं हाय की ग माजं नाव,” त्या म्हणाल्या.

त्या कागदानं मावशींचं लगेच काही भलं झालं नाही, उलट वाईटच झालं. प्राचार्यांनी तो वाचला आणि पुढच्या जूनपासून मैदानावर गडी ठेवला. मावशी पुन्हा झाडांना पाणी घालू लागल्या, तेही टँकरचं, बादलीनं. आम्हाला फार लागलं. पुतळानं आणि मी जाऊन भांडण केलं, पण पोरींचं कोण ऐकतंय. तो गडी वर्षभर टिकला. उन्हात खडे वेचायला तो तयार नव्हता. मग काही न बोलता फक्कीची पाटी पुन्हा मावशींच्या डोक्यावर आली, मजुरी तीच, ओळ तीच.

अठ्ठ्याऐंशीला संस्थेनं ठरवलं की रोजंदारीवरच्या जुन्या माणसांना कायम करायचं. अट एकच. निदान दहा वर्षं काम केल्याचा लेखी पुरावा हवा, माणसाच्या नावानिशी. शिपायांची नावं हजेरीत होती, त्यांचं काम झालं. मावशींच्या नावे काय होतं? चौदा वर्षांच्या हजेरीत ‘एक स्त्री मजूर’ आणि अंगठे. आबाराव त्या दिवशी खरोखर रडकुंडीला आले. कपाटं उपसत म्हणत होते, “मला काय माहीत, एका नावावर एवढं अडेल म्हणून!” मी तोवर त्याच कॉलेजात सरांच्या हाताखाली लागले होते. सर आणि मी एकाच वेळी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही खेळाच्या दप्तराकडं पळालो.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे नानासाहेब म्हणायचे. त्यांच्या पुढ्यात कागद ठेवला. तारीख डिसेंबर पंच्याऐंशी, विद्यापीठाच्या पोचेचा शिक्का, १९७४ पासून, पूर्ण नाव. मावशी दाराशी उभ्या होत्या. नानासाहेबांनी चष्मा चढवून वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, “पण सर, यात तर बाईंनी चूक केल्याचं लिहिलंय.”

सर काही बोलायच्या आत दारातनं मावशी म्हणाल्या, “व्हय, म्याच केली. दीड हात.”

नानासाहेबांनी मान वर करून त्यांना नीट बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच. मग पेन उघडलं आणि सही केली.

एक तारखेला आबारावांनी हजेरीपत्रक मावशींसमोर धरलं. शेवटच्याच ओळीत, पण पुरं नाव, वळणदार अक्षरात. मावशींनी ओळखलं, तोवर त्यांना त्याचा आकार पाठ झाला होता. अंगठा लावला, पदरानं शाई पुसली आणि त्या घरी निघाल्या.

“अहो, आज कामाचा पहिला दिवस,” आबाराव म्हणाले.

“आज म्या आजारी हाय,” मावशी म्हणाल्या आणि हसत हसत फाटकातनं बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा मैदान आखून झालं होतं आणि दोर बादलीत भिजत पडला होता.

तर संपादकसाहेब, दुरुस्ती अशी छापा. बेचाळिसावं पान, उजव्या कडेला उभ्या, श्रीमती धुरपदाबाई गोरोबा धावारे, मैदान. नाव लांबडं आहे, तोडू नका.